पडशी, आगगाडी आणि चीन

मराठवाड्यातील सुखवस्तू कुटुंबांत परदेशप्रवासाची हौस वाढत चालली आहे, ह्याचा आम्हांस आनंदच वाटतो. ज्यांच्या आजोबांस हैदराबाद पाहणे म्हणजे परदेश पाहणे वाटे, त्यांची नातवंडे सिंगापूर, दुबई, बीजिंग ही नावे शेजारच्या गावाच्या नावासारखी उच्चारू लागली, ही प्रगतीच होय. परंतु ह्या हौसेची जी एक रीत ठरून गेली आहे, तिजविषयी चार स्पष्ट शब्द लिहिणे आता अवश्य झाले आहे. ती रीत अशी : चाळीस माणसांचा तांडा जमवावयाचा, त्याच्यापुढे झेंडी उंच धरून चालणारा एक व्यवस्थापक, जमल्यास बरोबर स्वयंपाकी, आणि आठवड्याभरात बीजिंग, शीआन, शांघाय उरकावयाची. भिंतीवर दोन तास, मातीच्या सैनिकांपुढे एक तास, रेशमाच्या दुकानात मात्र तीन तास, आणि रात्री वरणभात. चिनी मनुष्याशी ह्या आठवड्यात जे काही भाषण होते ते बहुधा किंमत कमी करण्यापुरते. परत आल्यावर नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या औसा रोडवर दिवाणखान्यातून छायाचित्रे फिरतात आणि 'आमचा चीन झाला' असे सांगण्यात येते. हे 'झाला' क्रियापद मोठे अचूक आहे. मुलीचे लग्न झाले, घराचा रंग झाला, तसा चीन झाला.

ह्याच समाजात एखादे तरुण जोडपे, दोघेही मिळवती, असे म्हणू लागले की आम्ही कोणाच्या तांड्यात जाणार नाही, दोघांच्या पाठीवर दोन पिशव्या टाकू आणि आगगाडीने चीनमधील शहरामागून शहर पाहू, तर घरात केवढा कल्लोळ माजतो! सासरे म्हणतात, आधी प्लॉट घ्या. सासूबाई म्हणतात, आधी पाळणा हलू द्या. मावशी विचारतात, तिथे खाणार काय? काका वृत्तपत्र खाली ठेवून म्हणतात, अरे, तो आपला शत्रू ना? आणि शेजारी काही म्हणत नाहीत, नुसते हसतात. ते सर्वांत वाईट. ह्या जोडप्याची बाजू घेण्यासाठी आम्ही लेखणी उचलली आहे. ह्यांना जाऊ द्यावे, एवढ्यावर आमचे म्हणणे थांबत नाही. नांदेड-लातूरकडच्या मनुष्यास चीन पाहून काही उमज पडावयाची असेल तर ती ह्याच रीतीने पडेल, आणि तीही तांडे जेथे उतरत नाहीत अशा शहरांत, असे आमचे मत आहे.

प्रथम त्या पिशवीचा विचार करू. पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणे हे गोऱ्या पोरांचे खूळ आहे अशी आमच्या शिष्टांची समजूत आहे. पंढरीची वाट ज्यांच्या जिल्ह्यांतून जाते त्यांनी तरी असे म्हणू नये. आषाढात ह्याच वाटेने नवरा-बायको जोडीने निघतात. त्याच्या खांद्यावर पताका आणि पडशी, तिच्या डोक्यावर तुळस आणि काखेत गाठोडे. ज्याच्या ओसरीवर जागा मिळेल तेथे पथारी. त्यांस कोणी अव्यवहारी म्हणत नाही, उलट वाकून पाया पडतो. म्हणजे पडशी आमच्या घरचीच आहे. ती खांद्यावरून उतरली आणि तिच्या जागी चाकांची पेटी आली, हा आमच्या वर्गाच्या थाटाचा इतिहास आहे.

आता आगगाडी. चीनमधील आगगाडीच्या प्रवासात ज्या गोष्टी घडतात त्यांपैकी पहिली स्थानकाच्या दारातच घडते. तेथे तिकीट ज्याच्या त्याच्या नावाने आणि ज्याच्या त्याच्या पारपत्राशी जोडलेले असते. दारावर प्रत्येकाने आपले पारपत्र आपल्या हाताने दाखवावयाचे. आमच्याकडील सहलींत दोघांची पारपत्रे, दोघांचे पैसे आणि दोघांची अक्कल ही तिन्ही बहुधा यजमानांच्या कमरेच्या पाकिटात असतात, आणि बाईसाहेबांकडे फराळाची पिशवी आणि मुलांच्या सर्दीची काळजी एवढे खाते असते. चीनमधील फाटकाला ही वाटणी चालत नाही. पत्नीस स्वतःची रांग धरावी लागते, स्वतःचा डबा आणि जागा शोधावी लागते, आणि पिशवी पाठीवर असल्यामुळे स्वतःचे ओझे स्वतः उचलावे लागते. पंधरा दिवस असा प्रवास केलेले जोडपे परत येते तेव्हा त्यांच्यात काही बदललेले असते. कोण रस्ता चुकतो, कोण घाबरतो, कोणाला अनोळखी माणसाशी बोलता येते, हे त्यांना कळलेले असते. आणि उत्तरे पुष्कळदा लग्नपत्रिकेतील क्रमाप्रमाणे येत नाहीत. पु. ल. देशपांड्यांनी 'अपूर्वाई' आणि 'पूर्वरंग' ह्या पुस्तकांतून मराठी वाचकांस जोडीने परदेश दाखविला. मीना प्रभू ह्यांनी चीन हिंडून 'चिनी माती' लिहिली. ही पुस्तके आमच्या घरोघरी कपाटांत आहेत. ती वाचून जावेसे वाटले असे म्हणणाऱ्या सुनेला मात्र आम्ही वेडी ठरवितो.

दुसरी गोष्ट गाडीच्या आत. अतिवेगवान गाड्यांविषयी आमचे लोक ऐकून आहेत आणि त्यांतच बसण्याची त्यांना घाई असते. त्यांत अवश्य बसावे. पण एक रात्र तरी जुन्या हिरव्या गाडीत काढावी. तेथील साध्या झोपण्याच्या वर्गाला चिनी भाषेत 'कठीण शय्या' अशा अर्थाचे नाव आहे. समोरासमोर तीन-तीन फळ्या, दार नाही, पडदा नाही. आमच्या शयनयानाचेच भावंड म्हणावे. प्रत्येक डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याची टाकी असते आणि सारा डबा तिच्याभोवती जगतो : कोणी शेवयांच्या वाडग्यात पाणी घेतो, कोणी चहाच्या बाटलीत. आमच्या जोडप्याने सातूचे पीठ आणि गूळ बरोबर नेला तर त्याच टाकीवर त्यांची सकाळ साजरी होईल, आणि ते काय खातात हे पाहण्यास सहा तरी प्रवासी वाकतील. येथून बोलणे सुरू होते. भाषेची अडचण पूर्वीसारखी राहिलेली नाही. खिशातील यंत्र तोडकेमोडके का होईना, दुभाष्याचे काम करते. मावशींच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच देऊन टाकू. 'सू' ह्या एका अक्षराने तिकडे शाकाहार कळतो, आणि बौद्ध मठांच्या आसपास तो चांगलाही मिळतो. इतरत्र रश्श्याची चौकशी करून घ्यावी, नाहीतर चटणी-दशमी आहेच.

परंतु कोणत्या शहरांत उतरावयाचे? सहलवाल्यांची यादी आम्ही वर दिलीच आहे. आमची यादी वेगळी आहे, आणि ती सारी बीजिंगभोवतीच्या हबेई ह्या एकाच प्रांतात बसते. सौंदर्याबद्दल ह्या प्रांताची ख्याती नाही. कारखाने, कोळशाचा धूर, सपाट शेते. पण लातूर-नांदेडकडच्या मनुष्याला तेथे पावलोपावली थबकावे लागेल.

बीजिंगहून दक्षिणेस सुमारे २८० किलोमीटरवर शिजियाझुआंग आहे. वेगवान गाडीने तासाभराहून थोडा अधिक वेळ. विसाव्या शतकाच्या आरंभी हे एक खेडे होते. बीजिंग-हानकौ मार्ग आणि तैयुआनकडे जाणारा फाटा येथे मिळाले आणि जंक्शनातून शहर निपजले. पूर्णा, मुदखेड, कुर्डुवाडी ही गावे ज्यांस ठाऊक आहेत त्यांस ही कथा नवी नाही. ह्या शहरातील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत डॉ. द्वारकानाथ कोटणीस विसावले आहेत. लातूरहून सोलापूर किती दूर आहे? त्या सोलापूरचा, १९१० साली जन्मलेला हा तरुण १९३८ मध्ये डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी ह्यांच्यासह काँग्रेसने पाठविलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला गेला. इतर परतले, हा परतला नाही. युद्धभूमीवर शस्त्रक्रिया केल्या, चिनी भाषा शिकला, बेथून ह्यांच्या नावाच्या रुग्णालयाचा प्रमुख झाला, क्वो छिंगलान ह्या परिचर्याशिक्षिकेशी १९४१ मध्ये विवाह केला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, मरण पावला. मुलाचे नाव ठेवले यिन्हुआ : 'यिन्' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. एका मराठी मनुष्याने चीनमध्ये संसार थाटला तो ह्याच प्रांतात, आणि आमचे तांडे त्याच्या समाधीपासून तासाभराच्या अंतरावर तीन-तीन दिवस मुक्काम करून रेशीम विकत घेऊन परत येतात! शांतारामबापूंचा १९४६ चा चित्रपट पाहून ज्यांच्या घरी डोळे पुसले गेले त्यांच्या घरचीही माणसे ह्यांत असतात.

बीजिंगच्या पूर्वेस, तितक्याच सुलभ अंतरावर, तांगशान आहे. २८ जुलै १९७६ च्या पहाटे, चार वाजण्यास काही मिनिटे असता, हे शहर भूकंपाने जमीनदोस्त झाले. सरकारी आकड्याप्रमाणे २ लाख ४२ हजार माणसे गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्यास काही मिनिटेच असता, किल्लारीस काय घडले हे लातूरच्या वाचकास आम्ही सांगावयास नको. तेथे साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली, बावन्न गावे उठवून दुसरीकडे वसवावी लागली. तांगशानचे भूकंपस्मारक कोठे आहे? आगगाडीचे डबे आणि इंजिने बनविणाऱ्या जुन्या कारखान्याच्या भग्न भिंती तशाच राखून त्यांच्या भोवती ते उभारले आहे, आणि मृतांची नावे कोरलेली काळ्या दगडाची लांबच लांब भिंत तेथे आहे. कारखाना बंद पडला नाही. तो दुसऱ्या जागी गेला आणि आज तेथे अतिवेगवान गाड्यांचे डबे बनतात. लातूरलाही २०१८ साली रेल्वेडब्यांच्या कारखान्याचा पाया घातला गेला. भूकंप आणि डब्यांचा कारखाना ही जोडी जगात आणखी किती शहरांच्या वाट्याला आली असेल? त्या भिंतीपुढे लातूरचे जोडपे उभे राहिले तर त्यांस जे प्रश्न पडतील ते मुंबईकरास पडणार नाहीत. आपल्याकडे नावे कोठे कोरली आहेत? नव्या गावांतील घरे ज्यांना दिली त्यांना ती मानवली का? आणि तांगशानला इतकी माणसे गेल्यावर तो आकडा तेथील सरकारने तीन वर्षे लोकांपासून का लपविला? हा शेवटचा प्रश्नही त्यांनी विचारावा. आम्ही चीनची आरती ओवाळावयास कोणास पाठवीत नाही.

पाण्याचे तसेच. शिजियाझुआंगकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या पश्चिमेकडून एक कालवा उत्तरेस जातो. दक्षिणेकडच्या दानजियांगकौ धरणाचे पाणी १२ डिसेंबर २०१४ पासून त्याने बीजिंग आणि थ्येनचिनकडे जाऊ लागले. लांबी १,४०० किलोमीटरांहून अधिक, आणि वाट बहुतेक उताराची. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी लातूरला आली, त्या गाडीस 'जलदूत' म्हणून आम्ही हार घातले. हार घालावेत अशीच ती गाडी होती. टाक्यांपाशी जमावबंदी लावावी लागलेल्या शहराने दुसरे काय करावे? पण दोन देशांनी तहानेला दिलेल्या ह्या दोन उत्तरांमधील अंतर लातूरच्या मनुष्याने स्वतः मोजावे, हिशेबाच्या दोन्ही बाजूंनी मोजावे. त्या कालव्यासाठी धरण उंच करताना तीन लाखांहून अधिक माणसे गावांतून हलविली गेली. जायकवाडीच्या पोटात ज्यांची घरे गेली त्यांचे नातेवाईक आमच्या वाचकांत असतील. त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

आणि हेंगश्वी. शिजियाझुआंगच्या पूर्वेस त्याच प्रांतातील हे गाव चीनभर एका शाळेकरिता प्रसिद्ध आहे : पहाटेपासून रात्रीपर्यंत घोकंपट्टी, मिनिटामिनिटाचे वेळापत्रक, आणि विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेत डोळे दिपविणारे निकाल. 'लातूर पॅटर्न' ह्या शब्दांनी ज्यांची छाती फुगते, आणि नांदेडच्या ज्या आईबापांनी पोर दोन वर्षे त्या पॅटर्नच्या स्वाधीन केले आहे, त्यांनी ह्या गावी एक सायंकाळ काढावी. अधिक लिहीत नाही. आरशात पाहणाऱ्यास वर्णन लागत नाही.

राहता राहिली खुद्द आगगाडी, आणि येथे आमच्या लेखणीस थोडी धार येईल तर वाचकांनी क्षमा करावी. तैयुआनचा तो फाटा फ्रेंचांनी मीटरगेज बांधला होता; १९३९ पर्यंत तो रुंद झाला. मनमाड-सिकंदराबाद हा आमचा मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमाराचा. नांदेडकडचा त्याचा भाग रुंद व्हावयास शतकाचे अखेरचे दशक लागले. लातूरला तर १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी आली ती अनेक दशके टिकून राहिली, आणि कुर्डुवाडीपर्यंत मोठी गाडी धावली ती २००८ मध्ये. त्याच २००८ च्या ऑगस्टमध्ये बीजिंग-थ्येनचिन हा त्यांचा पहिला अतिवेगवान मार्ग सुरू झाला. २०२४ च्या अखेरीस अशा मार्गांची लांबी सुमारे ४८,००० किलोमीटर झाली. बीजिंगहून शांघाय १,३१८ किलोमीटर; गाडीस साडेचार तासांच्या आसपास लागतात. बीड शहरास प्रवासी गाडी लाभण्यास १७ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. आणि नांदेड ते लातूर? सुना माहेरी जातात, पोरे शिकवणीला जातात, रोगी दवाखान्यात जातात, सारे लोहा-अहमदपूरच्या सडकेने. थेट लोहमार्ग आजही नाही. गाडीनेच जावयाचे तर परभणी, परळी, लातूर रोड असा वळसा घालावा.

ह्यावर 'त्यांच्याकडे हुकूमशाही आहे' असे उत्तर ठरलेले आहे. आहेच. २३ जुलै २०११ रोजी वेन्चौजवळ दोन वेगवान गाड्यांचा अपघात होऊन ४० माणसे मेली, तेव्हा एक डबा तेथल्या तेथे पुरून टाकण्यात आला, आणि लोक खवळले म्हणून पुन्हा उकरून काढावा लागला. त्यांच्या रेल्वेमंत्र्यास पुढे २०१३ मध्ये लाचखोरीबद्दल शिक्षा झाली. परंतु डबा न पुरणे ही लोकशाही झाली. मार्ग न बांधणे ही लोकशाही कशी होते, हे आम्हांस कोणी समजावून द्यावे. विमानातून जाणाऱ्या तांड्यास हा प्रश्न सुचतही नाही. चिनी गाडीच्या खिडकीपाशी बसून मिनिटांचा हिशेब ठेवलेले जोडपे मात्र परत आल्यावर आपल्या खासदारास काही विचारील. आम्हांस त्या जोडप्याचा हा उपयोग मोठा वाटतो.

आता काकांचा आक्षेप, जो सर्वांत गंभीर आहे. जून २०२० मध्ये गलवानला वीस भारतीय सैनिक धारातीर्थी पडले. ही जखम कोणी हसण्यावारी नेऊ नये, आम्हीही नेत नाही. पाच वर्षे बंद असलेली थेट विमाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली म्हणून सीमेवरचे प्रश्न मिटले असेही नाही. पण शत्रू मानावयाचा तर त्याची ओळख अधिक हवी की कमी? काकांस चीनविषयी जे ठाऊक आहे ते रात्री नऊच्या आरडाओरड्यातून आलेले असते. आणि ते स्वतः जो मोबाइल हाती धरून शत्रूवर बहिष्काराचे संदेश धाडतात, त्याच्या पोटात काय काय चिनी आहे ते एकदा उघडून पाहतील तर बरे. सातव्या शतकात ह्युएनत्संग सम्राटाची परवानगी न घेता देशाबाहेर पडला, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला आणि येथील लोकांचा स्वभाव लिहून ठेवला. आमचे त्या काळचे पूर्वज कसे होते हे सांगणारा बाहेरचा साक्षीदार आम्हांस लाभला तो हा चिनी मनुष्य, ज्याला चित्रकार आजही पाठीवर पोथ्यांचा भारा बांधलेला दाखवितात. त्याच्या पोथ्यांसाठी ६५२ साली बांधलेला मनोरा शीआनला उभा आहे. तांडे तेथेही जातात, छायाचित्र काढतात, आणि हा आपल्याकडे येऊन गेला होता हे त्यांस सांगावे असे व्यवस्थापकास वाटत नाही.

पैशाविषयी दोनच वाक्ये. ज्या घरांत मुलीच्या लग्नातील एका सायंकाळच्या मांडवाची फुले दुसऱ्या दिवशी सकाळी उकिरड्यावर जातात, त्या घरांनी 'कठीण शय्ये'च्या भाड्याचा हिशेब मागू नये. प्लॉटचे म्हणाल तर तो कोठे पळून जात नाही, गुडघे मात्र जातात. साठीनंतर वरच्या फळीवर चढता येत नाही म्हणूनच तर तांडे निघतात.

निघणाऱ्यांसाठी एवढी माहिती पुरे : राहावयाच्या प्रत्येक ठिकाणी पारपत्राची नोंद करावी लागते, तेव्हा परदेशी पाहुणे घेतात का हे आधी विचारून घ्यावे, चिनी नववर्षाच्या आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातील सुट्टीत सारा देश गाडीत असतो, ते दिवस टाळावेत, आणि फाटक गाडी सुटण्याच्या काही मिनिटे आधीच मिटते, म्हणून नांदेड स्थानकावरची धावत्या गाडीत चढण्याची विद्या तेथे कामास येत नाही. शिजियाझुआंगला उतरल्यावर कोणास विचारावयाचे झाल्यास 'को-दि-हुआ' असे म्हणावे. कोटणिसांचे हे चिनी नाव आहे.